कोष्टकबाईंचा राहिलेला रकाना

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण संस्थेत त्यांना सगळे कोष्टकबाई म्हणत. तोंडावर नुसतं "बाई", आणि पाठ वळली की कोष्टकबाई. बाईंना हे ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. आडवे-उभे रकाने आखल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकही वस्तू घरात आणली नव्हती, मग लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय?

कुकर घ्यायचा तर सात कंपन्या आणि अकरा रकाने. शिट्टीचा टिकाऊपणा, रबर मिळण्याची सोय, दांड्याचा चटका, सगळ्याला दहापैकी गुण. पडद्याच्या कापडाचं कोष्टक तर आठ महिने चाललं. तेवढा काळ घरातली खिडकी उघडीवाघडी राहिली आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींना यांच्या भाजीचा रोजचा बेत कळू लागला. बाईंचे यजमान चित्रकलेचे शिक्षक. ते दुकानात शिरत, पहिल्या दिसेल त्या वस्तूवर बोट ठेवत आणि "हे द्या" म्हणून मोकळे होत. असा माणूस बाईंच्या घरात कसा आला, हाही एक प्रश्नच होता. बाईंच्या लग्नाच्या वेळी पाच स्थळं आली होती, आणि त्या पाचांचंही कोष्टक झालं होतं. ते पिवळं पडलेलं पान अजून कपाटात आहे. त्यात पहिला नंबर एका इंजिनिअरचा आहे आणि आपले चित्रकलावाले चौथे आहेत.

"चौथा असून मला का निवडलंस?" हे यजमान गेली बावीस वर्षं विचारत आले होते.

"एक रकाना लिहायचा राहिला होता," एवढंच बाई सांगत. कुठला, ते कधी सांगितलं नाही. यजमानांनी आजवर शंभर तरी अंदाज केले असतील. नाक, केस, हस्ताक्षर, आईचा स्वभाव. बाई हसून पोळी उलटत.

तर अशा या बाई एका संस्थेत संगणकांचं काम बघत. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं तयार करणारी ही संस्था. दोन मजले, अरुंद जिना, जिन्याच्या कठड्याला प्रत्येक वळणावर ठिपक्यांची पट्टी. वरच्या मजल्यावर ध्वनिमुद्रणाच्या दोन खोल्या. तिथं वाचणारे लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. खालच्या मजल्यावर ब्रेल विभाग, म्हणजे एक यंत्र आणि एक माणूस.

यंत्राला सगळे सुतारपक्षी म्हणत. जाड कागदावर सहा खिळ्यांनी ठिपके उठवायचं त्याचं काम, आणि ते करताना ते असं टकटक करी की अख्ख्या इमारतीला कळावं, आज छपाई सुरू आहे. माणूस म्हणजे बोटवाले काका. काका जन्मापासून पाहू शकत नव्हते. गेली एकतीस वर्षं ते ब्रेलची मुद्रितं तपासत होते. उजव्या हाताची दोन बोटं ओळीवरून फिरायची आणि चूक दिसली, म्हणजे बोटांना दिसली, की तिथंच थांबायची. पण काकांची खरी करामत कानात होती. सुतारपक्ष्याच्या सहा खिळ्यांचे सहा आवाज त्यांना वेगवेगळे ऐकू येत. एखादा खिळा सैल झाला की पान बाहेर यायच्या आतच काका खुर्चीतून ओरडत, "थांबवा! चौथा खिळा!" आणि तो चौथाच निघे. एकवीस वर्षांपूर्वी बाई नव्या नोकरीवर आल्या तेव्हा याच काकांनी त्यांना ब्रेल शिकवलं होतं. बाई डोळ्यांनी ठिपके वाचायला लागल्या की काका फूटपट्टीने टेबलावर मारत. "लबाडी नको. डोळे मिटा."

आता मुख्य गोष्ट. खालच्या मजल्यावर, सुतारपक्ष्याच्याच खोलीत, सहा संगणक होते. एकावर सभासदांची यादी, एकावर हजेरी, एकावर बोलकी पुस्तकं, एकावर फोन करून पुस्तक ऐकण्याची सोय, एकावर मजकुराचं ब्रेल करणारा प्रोग्रॅम. आणि सहावा म्हणजे म्हातारा. हा सतरा वर्षांचा. सुतारपक्ष्याला चालवणारा प्रोग्रॅम फक्त त्याच्यावर चाले, आणि तो प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली होती. म्हाताऱ्याला सुरू करायचं तर आधी बटण, मग डाव्या कुशीत एक चापट, मग पुन्हा बटण. ही चापट फक्त बाईंच्या हातची लागे.

एके दिवशी संचालकसाहेब खोलीत आले, सहाही पेट्यांकडे बघून त्यांनी नाक मुरडलं आणि फर्मान सोडलं. "एकच चांगला सर्व्हर घ्या. हे सगळं त्यात बसवा. देणगीदारांची समिती दोन महिन्यांनी येते आहे, त्यांना हे भंगार दिसता कामा नये. जे नव्या मशीनवर चालेल ते राहील. नाही चालणार ते बंद."

"म्हणजे सुतारपक्षी?" बाईंनी विचारलं.

"सगळं. नाहीतरी हल्ली लोक ऐकतात. ठिपके वाचतंय कोण?"

शाळेतली मुलं वाचतात, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. गणित ऐकून येत नाही. समीकरण बोटाखाली असावं लागतं. पण संचालकसाहेब बोलून झाल्यावर ऐकायला थांबणाऱ्यांपैकी नव्हते. ते गेले आणि बाईंना नीट कळलं की सुतारपक्षी नव्या सर्व्हरवर चालला नाही तर ब्रेल विभाग मिटला, आणि विभाग मिटला की काकांच्या खुर्चीचंही काही खरं नाही. त्यांनी कोरा कागद काढला आणि पट्टी घेऊन पहिली रेघ मारली.

एका मशीनमध्ये सहा मशीन कशी बसवतात, हे काकांनी त्यांना जेवणाच्या सुट्टीत विचारलं.

"असं बघा काका, एक मोठं घर आहे," बाई डबा उघडत म्हणाल्या. "त्यात सहा भाडेकरू ठेवायचे. घरमालक म्हणजे ते व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर. तो प्रत्येकाला असं भासवतो की अख्खं घर तुझंच आहे. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. आपला म्हातारासुद्धा जसाच्या तसा आत जाईल, आपल्या सतरा वर्षांपूर्वीच्या सवयींसकट."

"आणि संडास एकच असला तर?"

बाई हसता हसता थांबल्या. प्रश्न अगदी वर्मावर होता. सुतारपक्षी जोडायचं जुनं प्रिंटर पोर्ट एकच असणार, आणि ते एकट्या म्हाताऱ्याला मिळायला हवं. घरमालक ते त्याच्या स्वाधीन करायला तयार आहे का, यावर सगळं अवलंबून होतं. "तोच पहिला रकाना," त्या म्हणाल्या.

सॉफ्टवेअरची तीन स्थळं आली. पहिलं नावाजलेलं आणि महागडं. त्याचा विक्रेता टाय लावून आला, तासभर बोलला, आणि बाईंनी प्रिंटर पोर्टचं विचारल्यावर म्हणाला, "ते काय असतं?" बाईंनी त्याला म्हाताऱ्याच्या मागे नेऊन ते रुंद, पंचवीस छिद्रांचं पोर्ट दाखवलं. तो खाली वाकून पुराणवस्तू बघावी तसा बघत राहिला. दुसरं सॉफ्टवेअर ऑफिसच्या इतर मशीनसोबत आयतं मिळणारं. ते भाडेकरूंना जागा देई, वीज-पाणी देई, पण पोर्टच्या किल्ल्या काही केल्या कुणाच्या हातात देईना. तिसरं फुकट. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेलं, ना टाय ना विक्रेता, अडचण आली तर त्यांच्या चर्चेच्या पानावर विचारायचं. बाईंनी विचारलं. तीन दिवसांनी कुठूनतरी कुणीतरी एका ओळीत उत्तर दिलं, की होतं, वेगळं कार्ड बसवा, मी माझं भरतकामाचं यंत्र असंच चालवतो.

ही ओळ वाचून बाईंचा जीव भांड्यात पडला. तरी कुणाच्या शब्दावर भिस्त ठेवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर एक जुना संगणक मांडला, ते सॉफ्टवेअर चढवलं, सेकंड हँड पोर्टचं कार्ड मिळवून बसवलं आणि म्हाताऱ्याची नक्कल त्यात उतरवली. दोन रविवार यजमान मांडीवर ताट घेऊन जेवले.

"हे नक्की आत म्हातारा आहे?" ते पडद्याकडे बघत म्हणाले. "मग चापट कुठं मारायची?"

"आता चापट लागत नाही. आणि बघा, हा भाडेकरू उचलून दुसऱ्या घरात नेता येतो. सगळं सामान-सुमान जिथल्या तिथं. दुपारभराचं काम."

"आपण घर बदललं तेव्हा माझे रंग तीन महिने सापडले नव्हते," यजमान म्हणाले आणि मग त्या रंगांबद्दल अर्धा तास बोलत राहिले. एका हातात घास, दुसऱ्या हाताने खाणाखुणा. बाई नुसत्या हं हं करत टाईप करत होत्या.

सॉफ्टवेअर ठरलं. आता घर, म्हणजे सर्व्हर. इथं कोष्टकबाईंनी स्वतःचाच विक्रम मोडला. पाच मॉडेल आणि एकतीस रकाने. प्रोसेसरचे गाभे, म्हणजे कोअर, किती, व्हर्च्युअलायझेशनला त्याची साथ आहे का, मेमरी किती आणि पुढे वाढवता येते का, डिस्क किती, एक मेली तर दुसरी सांभाळते का, कार्डासाठी खाच आहे का, वीज किती खातो, दुरुस्तीला माणूस किती तासांत येतो. कागदाला कागद चिकटवत ते कोष्टक दारापर्यंत गेलं. बाईंनी ते काकांना वाचून दाखवलं. काका शांतपणे एकतीसही रकाने ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "आणि आवाज किती करतो?"

"सर्व्हर आहे काका, बाजा नाही," बाई म्हणाल्या. पण विचारलंय म्हणून कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, 'आवाज – नंतर'.

ते नंतर काही आलं नाही. तीनशे दहापैकी दोनशे अठ्ठ्याऐंशी गुण मिळवून जो पहिला आला, तो सर्व्हर चपटा होता, जेवायला बसायच्या पाटाएवढा, आणि त्याच्या पोटात ओळीने आठ चिमुकले पंखे. चपट्या पेटीतले पंखे लहानच असणार, आणि लहान पंख्यांना हवा ढकलायला गरगर फिरावं लागणार, हे एकतीस रकान्यांत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

सर्व्हर आला, सुतारपक्ष्याच्या शेजारी मांडला. दुसरीकडे ठेवायची सोय नव्हती, कारण सुतारपक्ष्याची जुनी केबल जेमतेम दोन हात लांब आणि तशी नवी आता मिळत नाही. बाईंनी बटण दाबलं.

वरच्या मजल्यावर वाचणाऱ्या बाई खुर्चीतून उठल्या आणि खिडकीतून आभाळाकडे बघू लागल्या. त्यांना वाटलं विमान खाली येतंय. जिन्यातला शिपाई जिन्यातच बसला. संचालकसाहेब फोनवर बोलत होते, त्यांनी पलीकडच्याला सांगितलं, "जरा जोरात बोला, इकडे पाऊस पडतोय." सर्व्हर हंबरत होता. थोड्या वेळाने तो जरा खाली उतरला, पण थांबला नाही. उंच आवाजातली एकसारखी किंकाळी दिवसभर भिंतीतून झिरपत राहिली.

"होईल सवय," बाई म्हणाल्या. गुणच तेवढे होते त्याला. सहाही भाडेकरू आत बसले, सगळं विजेसारखं चालू लागलं, आणि सुतारपक्षीही टकटकू लागला. म्हणजे टकटकत असणार, कारण ऐकू कुणालाच येत नव्हतं. वरच्या रेकॉर्डिंगमध्ये किंकाळी शिरली तेव्हा बाईंनी दाराला गादी लावली. दोन गाद्या लावल्या. ध्वनिमुद्रणवाल्यांनी कानावर हात ठेवून निषेध केला, तरी बाई कोष्टक दाखवत राहिल्या. माणूस एरवी शहाणा असला तरी स्वतः दीड महिना खपून केलेल्या निवडीपुढे त्याचं डोकं जरा कमीच चालतं.

समितीला भेट द्यायला म्हणून पाढ्यांच्या चाळीस प्रती छापायच्या ठरल्या. गुरुवारी सकाळी कागद लावला, दुपारपर्यंत चाळीस गठ्ठे तयार. काका आपल्या खुर्चीतच होते, नेहमीसारखे सुतारपक्ष्यापासून पाच पावलांवर. चाळीसही प्रती होईपर्यंत ते एकदाही ओरडले नाहीत. मग त्यांनी पहिली प्रत मांडीवर घेतली, दोन बोटं ओळीवर ठेवली, आणि बोटं तिथंच थांबली.

"बाई," ते म्हणाले, "बे चोक आठ काढा बरं."

बाईंनी ते पान काढून दिलं.

"आब, आद, आह," काकांनी बोटाने वाचलं. "हे असं छापलंय. दोन, चार, आठ नाही. सहावा ठिपकाच उठलेला नाही. आकड्याच्या आधीच्या खुणेचा 'आ' झाला, आणि सगळ्या आकड्यांची अक्षरं झाली." त्यांनी दुसरी प्रत घेतली, तिसरी घेतली, विसावी घेतली. सगळीकडे बे चोक आह.

सहावा खिळा सैल झाला होता. पहिल्याच पानापासून. बाईंनी स्क्रू पिळला, दोन मिनिटांचं काम होतं. पण चाळीस प्रती गेल्या त्या गेल्याच, आणि बातमी संचालकसाहेबांपर्यंत पोचलीही.

"बघा!" ते दारात उभे राहून, किंकाळीच्या वर आवाज चढवत म्हणाले. "सर्व्हर झकास आहे, ते यंत्रच गेलंय! सोमवारी समितीला मी स्पष्ट सांगणार, ब्रेल विभाग आता पुरे!"

ते गेल्यावर काकांनी मांडीवरची प्रत मिटून बाजूला ठेवली. मग बाईंच्या कानाजवळ तोंड आणून म्हणाले, कारण त्याशिवाय ऐकू आलं नसतं, "त्यांचं बरोबर आहे बाई. यंत्राचं सोडा. मला ऐकू आलं नाही. पूर्वी इथं चार माणसं भांडत असली तरी मला खिळा कळायचा. कान गेले माझे. राजीनाम्याचा अर्ज तुम्हीच टाईप करून द्या, म्हणजे समितीसमोर उगाच शोभा नको."

बाईंना चटका बसला. खरं सांगायचं तर 'बे चोक आह' ऐकलं तेव्हाच त्यांना आतून कळलेलं होतं की हा सगळा त्या किंकाळीचा प्रताप. पण खापर यंत्रावर फुटलं होतं, आणि आता तर काका ते स्वतःच्या डोक्यावर फोडून घेत होते. बाई काही बोलल्या नसत्या तर कुणाला कळलंही नसतं. दोनशे अठ्ठ्याऐंशी गुणांच्या निवडीवर कुणी बोट ठेवणार नव्हतं. बाईंनी एक क्षण हा विचार केला, आणि त्या क्षणाची त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

त्या उठल्या आणि त्यांनी सर्व्हरचं बटण दाबलं. किंकाळी हळूहळू खाली आली आणि थांबली. इमारतीत एकदम इतकी शांतता झाली की वरच्या मजल्यावर कुणीतरी "हुश्श" केलेलं खाली ऐकू आलं.

"काका, भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय?"

"येतंय की. सेकंदकाटा अडखळतोय त्याचा."

"ते घड्याळ पलीकडच्या खोलीतलं आहे. इथलं बंद आहे." बाईंनी काकांसमोर खुर्ची ओढली. "तुमचे कान ठणठणीत आहेत. मीच माती खाल्ली. तुम्ही विचारलं होतं मला, आणि मी 'नंतर' लिहिलं."

मग त्या थेट वर गेल्या. संचालकसाहेबांसमोर चिकटवलेलं कोष्टक उलगडलं, ते टेबलावरून खाली लोंबायला लागलं, आणि कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "यंत्र नाही गेलेलं साहेब. माझी निवड चुकली. कानांवर चालणाऱ्या संस्थेत मी आवाजाला शून्य महत्त्व दिलं. पंधरा दिवसांच्या आत माल परत घेतात, आज बारावा दिवस आहे. मला सोमवारपर्यंत वेळ द्या."

संचालकसाहेबांनी एकवीस वर्षांत बाईंच्या तोंडून 'चुकली' हा शब्द ऐकला नव्हता. ते इतके गोंधळले की हो म्हणून गेले.

शुक्रवारी बाई काकांना घेऊन विक्रेत्याकडे गेल्या. मागच्या दालनात सात-आठ सर्व्हर चालू ठेवलेले होते. विक्रेता उत्साहात पुढे आला. "हा बघा मॅडम, बत्तीस गाभे, मेमरी तर..."

"जरा गप्प बसता का?" काका अगदी नम्रपणे म्हणाले.

विक्रेता गप्प बसला. काका एकेका मशीनपाशी जात, तळहात वरून टेकवत, मान तिरकी करून ऐकत. "हा शिट्टी वाजवतो. हा धापा टाकतोय, म्हातारपणी त्रास देईल. याचा एक पंखा घासतोय, बघून घ्या." विक्रेत्याने बघितलं, घासत होता. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शेवटी कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका जाड्या, उंच, जुन्या शिधापेटीसारख्या मशीनपाशी काका थांबले. "हा चालू आहे?"

"चालू आहे."

"मग हाच."

बाईंनी पर्समधून कोष्टक काढून पाहिलं. पाचवा नंबर, म्हणजे शेवटचा. गाभे निम्मे, डिस्क दोन कमी, दिसायला ओबडधोबड. पण पोटात जागा भरपूर, आणि तिथं ताटाएवढे दोन मोठे पंखे निवांत फिरत होते. सहा भाडेकरूंना लागतं किती, याचा बाईंनी उभ्या उभ्या हिशेब केला. निम्म्या गाभ्यांत भागत होतं. उरलेले निम्मे त्यांनी नुसते गुण दिसतात म्हणून घेतले होते. प्रोसेसरची साथ होती, कार्डाला खाच होती. त्या बोट ठेवून म्हणाल्या, "हे द्या." यजमान तिथं असते तर त्यांना भोवळ आली असती.

शनिवारी अदलाबदल झाली, आणि रविवारी दिवसाउजेडी बाईंनी सहाही बिऱ्हाडं नव्या घरात हलवली. म्हाताऱ्याला तर कळलंही नाही. तो आत आपल्या सतरा वर्षांपूर्वीच्या तंद्रीत होता. सुतारपक्ष्याने पहिला ठोका दिला तेव्हा काका खुर्चीत ताठ बसले, आणि मग हळूच मागे टेकले.

सोमवारी समिती आली. अध्यक्षबाई आणि चार सदस्य. पाढ्यांच्या नव्या प्रती त्यांच्यासमोरच छापायच्या होत्या. संचालकसाहेब भाषणाला उभे राहिले. हवा बघून ठरवायचं, असं त्यांनी ठेवलं असावं, कारण ब्रेल पुरे की ब्रेल हवं, हे त्यांच्या बोलण्यातून दहा मिनिटं झाली तरी निघेना. मागे सुतारपक्षी टकटकत होता.

"थांबवा!" काका ओरडले. "तिसरा खिळा!"

संचालकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. समितीसमोर यंत्र बंद पाडायचं? बाईंनी मात्र कधीच बटण दाबलं होतं. अर्धवट निघालेलं पान सगळ्यांनी निरखून पाहिलं. पाचही जणांना ते अगदी बरोबर वाटलं. अध्यक्षबाईंनी ते खिडकीशी नेऊन उजेडात तिरकं धरलं, मग म्हणाल्या, "या शेवटच्या ओळीत एक ठिपका जरा खोल बसलाय. म्हणजे कमी उठलाय." त्यांनी काकांकडे बघितलं. "पण तुम्ही तर पानाला हातही लावला नव्हता."

"पुढच्या पानाला दिसेनासा झाला असता," काका म्हणाले. "आता पिळून घेतील बाई."

बाईंनी पिळून घेतला. अध्यक्षबाईंनी ते पान काकांच्या हातात दिलं आणि विचारलं, की अशी दोन माणसं आणखी तयार करायची तर काकांना किती वर्षं लागतील. संचालकसाहेबांनी लगेच घसा साफ केला. "हेच मी म्हणत होतो! ब्रेल हाच आमच्या संस्थेचा कणा!" कुणीच हसलं नाही, पण काकांच्या मिशा हलल्या.

सगळे गेल्यावर काकांनी पाढ्यांची प्रत मांडीवर घेतली. बोटं ओळीवरून फिरू लागली. "बे चोक आठ," ते मोठ्याने म्हणाले. मग बाईंना म्हणाले, "तो अर्ज टाईप केला होता का?"

"नाही."

"बरं झालं. कागद वाचला."

बाईंनी कोष्टक भिंतीवर पसरलं, आखून बत्तिसावा रकाना पाडला आणि त्याला नाव दिलं, 'आवाज'. मग ठिपक्यांच्या पाटीवर तेच ब्रेलमध्ये टोचून ती पट्टी शेजारी चिकटवली, डोळे मिटून.

घरी गेल्यावर त्यांनी सगळी हकीकत सांगितली. यजमान मध्ये मध्ये बोलत होते, सल्ले देत होते, त्या विक्रेत्याची नक्कल करून दाखवत होते. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तुमचाही तोच रकाना होता," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"राहिलेला. पाचही जण बघायला आले होते. चौघांनी आपापली सगळी माहिती सांगितली. पगार, पदवी, घर. मी एका प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ घेतला तर त्यांनीच माझ्या वतीने उत्तरं दिली. तुम्ही गप्प बसलात. मी विचार करत होते तेवढा वेळ, चांगली पाच मिनिटं, तुम्ही नुसते बसून राहिलात." बाई थांबल्या. "एवढं मला चोविसाव्या वर्षी कळलं होतं. आणि या खेपेला साफ विसरले."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच यजमानांना काही बोलायला सुचलं नाही. ते बसून राहिले. बाईंनीही घाई केली नाही, त्या शांतपणे पोळी उलटत राहिल्या.